मानधन आणि मोबदला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात सत्काराला उत्तर देताना केलेले भाषण)



आपल्याच शाळेच्या हातून शाल-श्रीफळ मिळतंय, याचा आनंद फार मोठा आहे. माजी विद्यार्थी संघाचे मनापासून आभार. मानपत्रात लिहिलंय, 'स्वतंत्र व्यावसायिकांच्या न्याय्य हक्कांसाठी केलेल्या कार्याबद्दल'. वाक्य भारदस्त आहे. साध्या भाषेत सांगायचं तर मी आणि माझे काही सहकारी लोकांना त्यांच्या कामाचे पैसे मागायला मदत करतो.

हे लोक कोण? घरी बसून प्रोग्रॅम लिहिणारे, भाषांतर करणारे, पुस्तकांची चित्रं काढणारे, व्हिडिओ एडिट करणारे. काम आहे, पण नोकरी नाही. त्यामुळे पगाराची तारीख नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही आणि तक्रार न्यायची तर एचआर विभागही नाही.

अभियांत्रिकीनंतर बारा वर्षं नोकरी करून मीही यांच्यातलीच झाले. एका कंपनीला मालसाठ्याची प्रणाली करून दिली. ती पहिल्या दिवसापासून चालू लागली, बिल मात्र सात महिने हललं नाही. 'फाइल साहेबांकडे आहे', 'अकाउंट्सवाले रजेवर आहेत', 'मार्च होऊन जाऊ द्या.' तुमच्यातले काही जण हसताहेत, म्हणजे ही वाक्यं तुमच्या ओळखीची आहेत!

तेव्हा मी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा वाचायला घेतला. नाव कारखान्याचं वाटतं, पण सेवा देणारी एकटी व्यक्तीसुद्धा नोंदणी करून त्यात बसू शकते. काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर ६.७५ टक्के होता, तेव्हा हे व्याज २०.२५ टक्के पडत होतं. मी व्याजाचा तक्ता जोडून पत्र पाठवलं. तीन आठवड्यांत फाइल साहेबांकडून परत आली.

मग ओळखीतले विचारू लागले, आणि दर शनिवारी सकाळी आम्ही चौघं पत्रं लिहायला बसू लागलो. एका चित्रकार ताईंचे ८४,००० रुपये अडकले होते आणि मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर आली होती. तरी पत्र पाठवायला त्यांचं मन होईना. म्हणाल्या, "पुढचं काम जाईल हो." त्यांची भीती खरी होती. पैसे आले, फी भरली गेली आणि त्या प्रकाशकाकडचं काम खरोखरच बंद झालं. म्हणून मी कुणालाही 'बिनधास्त भांडा' असं सांगत नाही. एकट्याने मागणाऱ्याला किंमत मोजावी लागते. सगळेच मागू लागले की ती कमी होते.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, 'मानधन'. व्याख्यानाला, परीक्षणाला तो शोभतो. पण चार महिन्यांच्या कामालाही मानधन म्हटलं की देणाऱ्याचे उपकार होतात आणि मागणारा हावरा ठरतो. कामाचा असतो तो मोबदला. तो मागण्यात संकोच कसला?

हे शहाणपण आमच्या आधी याच गावात होतं. आपल्या वर्गात बाजारातल्या माथाडींची मुलं होती. त्यांच्या वडिलांनाही एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात मंडळं उभी केली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची आणि भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयीही. मालक अनेक असले तरी कामगाराला आधार देता येतो, हे पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी लढून दाखवलं. लॅपटॉपवाल्यांना ते अजून जमलेलं नाही.

समोर पुढच्या पिढीतलेही बरेच आहेत, म्हणून थोडं कामाचं सांगते. 'उद्यम' नोंदणी मोफत आहे. ती पहिलं काम घेण्याआधी करा. काम, रक्कम आणि तारीख लेखी घ्या, निदान ईमेलवर. काम पोचल्याची पोच मागा, कारण ४५ दिवस तिथून मोजायचे असतात. पैसे नाहीच आले, तर राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कायद्यात ९० दिवसांत निकाल म्हटलंय, प्रत्यक्षात अनेकदा जास्त लागतात. तेवढा धीर धरा. आणखी एक. स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. मराठीच्या बाई, तुमची विद्यार्थिनी अखेर साहित्यिक झाली! तेव्हा लेखी हस्तांतराशिवाय आपल्या प्रोग्रॅमचा हक्क आपोआप दुसऱ्याचा होत नाही. सही करण्याआधी ते कलम वाचा.

आणि आता माझ्या तुकडीतल्या उद्योजक मित्रांनो, तुमच्याकडे वळते. २०२३ च्या वित्त कायद्यानंतर सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. हे तुमचे सीए सांगतीलच. मी मैत्रीण म्हणून सांगते. सोमवारी ऑफिसात गेलात की ४५ दिवसांपेक्षा जुनी, एकट्या माणसांची बिलं टेबलावर मागवा. बहुतेक रकमा तुमच्यासाठी किरकोळ असतील. पलीकडे कुणाच्या तरी घरचं भाडं त्यावर अडलेलं असतं.

ही बिलं फिटली, तर हा सत्कार माझ्या शनिवारच्या सहकाऱ्यांपर्यंतही पोचेल.