पास्ता, शेवया आणि निरोगी माणसाची रक्तशर्करा

(नारपोली, भिवंडी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



यंत्रमागांच्या गावात पास्त्यावर व्याख्यान कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. पण पास्ता आता इथलाच झाला आहे. धामणकर नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत कोणत्याही किराणा दुकानात त्याची पाकिटं टांगलेली दिसतात, आणि मुलांच्या डब्यात तो पोह्या-उपम्याच्या शेजारी जाऊन बसला आहे. या पाकिटांवर हल्ली ठळक अक्षरांत काही ना काही लिहिलेलं असतं: लोहयुक्त, जीवनसत्त्वयुक्त, प्रथिनयुक्त, फायबरयुक्त. घरातली बाई ते वाचते, चार पैसे जास्त मोजते आणि आपण काहीतरी चांगलं घरी नेतोय या समाधानाने निघते. तिच्या या समाधानाला आधार किती, हे आज पाहायचं आहे. मधुमेह नसलेल्या, धडधाकट माणसाने असा पास्ता खाल्ला तर त्याच्या रक्तातली साखर कशी वागते?

आधी साखरेचा हिशेब समजून घेऊ. निरोगी माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि उपाशीपोटी त्यात सगळी मिळून सुमारे पाच ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचा एक चमचा. एका जेवणातून मात्र साठ, ऐंशी, कधी शंभर ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात आणि त्यांतला बराचसा भाग शेवटी ग्लुकोज होऊन रक्तात उतरतो. एवढी आवक झाली तरी निरोगी माणसाची साखर दोन तासांत दर डेसिलिटरमागे १४० मिलिग्रॅमच्या खाली येते, कारण स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं आणि स्नायू व यकृत ही साखर उचलून घेतात. जेवल्यावर साखर थोडी चढणं हा आजार नव्हे. ती किती वेगाने चढते आणि ती उतरवण्यासाठी रोज किती इन्शुलिन खर्ची पडतं, हा खरा प्रश्न आहे.

हा वेग मोजण्याची रीत १९८१ साली टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यांनी ६२ पदार्थ निवडले. प्रत्येक पदार्थ पाच ते दहा निरोगी स्वयंसेवकांना उपाशीपोटी दिला, ठरावीक अंतराने रक्त तपासलं आणि साखरेचा आलेख शुद्ध ग्लुकोजच्या आलेखाशी ताडून पाहिला. ग्लुकोज १०० धरलं तर पदार्थाचा आकडा किती, तो त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक. ५५ किंवा त्याहून कमी म्हणजे मंद, ७० किंवा त्याहून जास्त म्हणजे वेगवान. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या पावाची सरासरी ७५ आहे, पांढऱ्या भाताची ७३, चपातीची ५२, मसुरासारख्या डाळींची ३२ आणि हरभऱ्याची २८. याच तक्त्यात साध्या पांढऱ्या स्पॅघेटीचा आकडा आहे ४९.

पाव गव्हाचा आणि पास्ताही गव्हाचा, मग एवढा फरक का? याचं उत्तर भिवंडीकरांना इतर कोणापेक्षा लवकर पटेल. पास्ता ड्युरम जातीच्या कडक गव्हाच्या रव्याचा करतात. आपल्याकडचा बन्सी गहू हा याच जातीचा. रवा घट्ट मळून मोठ्या दाबाखाली साच्यातून काढतात आणि वाळवतात. त्यात गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन ताण्या-बाण्यासारखं गुंफलं जातं आणि स्टार्चचे कण त्या विणीत अडकून राहतात. कापडाची वीण घट्ट असेल तर पाणी सावकाश झिरपतं, तसा पचनाचा रस त्या कणांपर्यंत सावकाश पोचतो. पावात हवा भरलेली असते, तिथे असा अडथळा उरत नाही. म्हणूनच पास्ता गिचका होईपर्यंत शिजवला की त्याचा हा गुण कमी होतो. कणीदार, दाताखाली किंचित लागेल इतपतच तो शिजवावा.

आता समृद्ध केलेल्या पास्त्याकडे वळू. इथे दोन अगदी वेगळी कामं एकाच कौतुकाने विकली जातात.

पहिलं काम जीवनसत्त्वं आणि खनिजं घालण्याचं. अमेरिकेत १९४१ पासून पिठात थायमिन, नायसिन आणि लोह घालण्याची पद्धत रुजली, आणि १९९८ पासून फॉलिक ॲसिड सक्तीचं झालं. आपल्याकडे २०१८च्या नियमांनुसार पोषकद्रव्यं घातलेल्या पिठाच्या, तांदळाच्या पाकिटावर निळं ‘+एफ’ हे चिन्ह असतं. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालतात. हे काम मोलाचं आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी असेल, तर पिठातल्या लोहाला नाव ठेवायची सोय नाही. पण ही भर मिलिग्रॅममध्ये असते. तिने स्टार्चचं प्रमाण बदलत नाही आणि त्याची वीणही बदलत नाही. त्यामुळे लोहयुक्त पास्ता आणि साधा पास्ता यांनी रक्तातली साखर जवळजवळ सारखीच चढते. लोह रक्तक्षयासाठी घ्यावं. साखरेसाठी त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

दुसरं काम पिठाचाच काही भाग बदलण्याचं. डाळीचं पीठ किंवा विद्राव्य तंतू (फायबर) घातले की पदार्थाचं अंगच बदलतं. माद्रिदमध्ये इसाबेल गोन्यी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ड्युरम गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा हरभऱ्याचं पीठ मिसळून पास्ता केला आणि तो निरोगी स्वयंसेवकांना दिला. साध्या पास्त्याचा निर्देशांक त्यांच्या मोजणीत ७३ आला, हरभरा घातलेल्याचा ५८. प्रत्येक प्रयोगाची मोजपट्टी थोडी वेगळी असते, म्हणून हे आकडे मघाच्या तक्त्याशी जुळवू नयेत. एकाच प्रयोगातल्या दोन पास्त्यांमधला फरक पाहावा. तो डोळ्यांत भरण्याजोगा आहे. डाळीत प्रथिन जास्त, तिच्या स्टार्चमध्ये सावकाश पचणारा भाग जास्त, आणि स्टार्च एकंदरीतच कमी.

त्याआधी १९९७ साली अमेरिकेत वॉलेस योकोयामा यांच्या गटाने बार्लीचा, म्हणजे आपल्या जवाचा, प्रयोग केला होता. ४० टक्के जवाचं पीठ घातलेल्या पास्त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू भरपूर होता. अवघ्या पाच प्रौढांवरचा हा छोटा प्रयोग, पण त्यात साखरही कमी चढली आणि इन्शुलिनही कमी लागलं. बीटा-ग्लुकन आतड्यात चिकट घट्टपणा आणतो, त्यामुळे साखर शोषली जाण्याचा वेग मंदावतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ साली याला मान्यता देताना अट घातली: दर ३० ग्रॅम कर्बोदकांमागे किमान ४ ग्रॅम बीटा-ग्लुकन हवं. नावापुरती चिमूटभर ओट्स घालून हा परिणाम मिळत नाही.

आणखी एक गोष्ट ग्राहकाने लक्षात ठेवावी. सगळे तंतू सारखं काम करत नाहीत. गव्हाचा जाडा कोंडा पोट साफ ठेवतो, आतड्याला हवाच असतो. पण पास्त्यात तो घातला की ग्लुटेनची वीण जागोजागी तुटते. मघाच्या तक्त्यात आख्ख्या गव्हाच्या स्पॅघेटीचा आकडा ४८ आहे, म्हणजे पांढऱ्या स्पॅघेटीपेक्षा जेमतेम एकाने कमी. आख्ख्या गव्हाचे इतर फायदे मोठे आहेत, ते सोडू नयेत. पण रंग तपकिरी म्हणून साखर कमी चढेल, असा हिशेब मात्र बांधू नये.

या विषयात आपल्या मातीतलं काम मोठं आहे आणि ते आपल्याला ठाऊक असायला हवं. पुण्यात १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली; वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर तिचे संस्थापक संचालक. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे ड्युरम गव्हाचं एमएसीएस ४०२८ हे वाण तयार झालं. त्याच्या दाण्यात सुमारे १४.७ टक्के प्रथिन आहे, आणि लोह व जस्त दोन्ही दर दहा लाख भागांत ४० किंवा त्याहून जास्त आहेत. इथे भर कारखान्यात पडत नाही, ती शेतातच दाण्यात भरलेली असते. पास्त्याच्या गव्हातलं प्रथिन वाढणं म्हणजे वीण घट्ट होण्याला मदत होणं. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातला खपली गहू हा ड्युरमचाच जुना भाऊबंद. त्याच्या उन्हाळी शेवया आपल्या आज्यांनी पिढ्यानपिढ्या पाटावर वळल्या. घट्ट मळलेल्या रव्याच्या, उन्हात खडखडीत वाळवलेल्या त्या शेवया म्हणजे आपला घरगुती पास्ताच. प्रश्न शेवयांचा नाही. खिरीत किंवा शीरखुर्म्यात त्यांच्याबरोबर जी साखर पडते, तिचा आहे. सणाला ती जरूर असावी. रोजच्या न्याहारीला मात्र त्याच शेवयांचा मटार, गाजर, शेंगदाणे आणि मोड आलेले मूग घातलेला उपमा करावा.

आता कोणी म्हणेल, आम्ही निरोगी आहोत, मग हा खटाटोप कशासाठी? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं उत्तर दिलं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ने त्यांचा आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा एकत्र तपशील छापला. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपण दिसायला किडकिडीत असतो आणि आत चरबी बाळगतो. स्नायू कमी, म्हणून साखर उचलणारे हातही कमी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ सालच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे सगळे एके काळी निरोगीच होते. पथ्य पाळायचे दिवस निदानाच्या आधीचे असतात.

नारपोलीत तर याला आणखी एक पदर आहे. इथले माग रात्रंदिवस चालतात, बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात, आणि हजारो कामगार घरापासून दूर राहून भिशीच्या खानावळीत जेवतात. हार्वर्डच्या फ्रँक शीअर यांच्या गटाने २०१५ साली निरोगी माणसांवर प्रयोगशाळेत दाखवून दिलं, की तेच जेवण शरीराच्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी दिलं तर साखर सकाळपेक्षा १७ टक्के जास्त चढते. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत पाव-चहावर भूक भागवणाऱ्या कामगाराचं शरीर दुहेरी ओझं वाहतं: पदार्थ वेगवान आणि वेळही अवघड.

उपाय महागडा नाही. जेनकिन्स यांनी १९८२ साली दाखवलं, की सकाळी मसूर खाल्लेल्या निरोगी माणसांची साखर दुपारच्या जेवणानंतरसुद्धा कमी चढली. एका जेवणातली डाळ पुढच्या जेवणालाही हात देते. म्हणून भिशी चालवणाऱ्या भगिनींना आणि मालकांना माझी कळकळीची विनंती आहे: भाताचा एक डाव कमी करा, उसळीचा एक डाव वाढवा. डाळ पातळ पाण्यासारखी न ठेवता दाट करा. चपातीच्या कणकेत किलोमागे पाव किलो हरभऱ्याचं पीठ मिसळा. घरी पास्ता करणार असाल तर तो कणीदार शिजवा आणि ताटलीत त्याच्या बरोबरीने भाज्या, छोले किंवा पनीर, अंडं घाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगितलं आहे; तिकडे जाण्याचा हाच रस्ता आहे. आणि जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. चालणारा स्नायू साखर स्वतः उचलतो.

पाकीट घेताना पुढची ठळक अक्षरं सोडून मागची बारीक वाचा. साखरेच्या रकान्यात दोन-तीन ग्रॅम दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका; एकूण कर्बोदकं शंभर ग्रॅममागे सत्तरच्या घरात असतात आणि त्यांचीच पुढे साखर होते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात: हरभरा किंवा जव यादीच्या शेवटी असेल, तर त्याचं नाव फक्त जाहिरातीसाठी आहे. शंभर ग्रॅममागे ६ ग्रॅम तंतू असतील तरच ‘भरपूर तंतू’ म्हणता येतं. आणि ६५-७० ग्रॅम कोरड्या पास्त्यात ५० ग्रॅम कर्बोदकं येतात, तेवढा एका माणसाला पुरे.

शेवटचं सांगणं तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची तपासणी मोफत होते. पाळी संपवून परतताना एकदा तिथे जा, बोटाला सुई टोचून घ्या, आपला आकडा माहीत करून घ्या. तो चांगला असेल तर तो तसाच राखण्यासाठी ताटात डाळ वाढवा. उंबरठ्यावर असेल तर आजच वाढवा. या गावाने सबंध देशाला कापड पुरवलं. ते विणणाऱ्या हातांना दाट वरण आणि भरपूर उसळीचं ताट मिळावं, ही त्यांची मेहरबानीची मागणी नाही, तो त्यांचा हक्क आहे, आणि तो पुरा करण्याची जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे.