कॉल संपला की आवाज कुठे जातो?

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, बाबा दोन महिन्यांपूर्वी गेले. आम्ही रोज रात्री व्हॉट्सॲपवर बोलायचो. ते कॉल कुठून परत मिळतील का?"

उत्तर कडू आहे: नाही मिळणार. का, ते आज समजून घेऊ. म्हणजे ज्यांची माणसं अजून फोन उचलतात, त्यांना काय करायचं ते कळेल.

इंटरनेट कॉलमध्ये आवाजाचे बारीक तुकडे होतात, बहुतेक वेळा 20 मिलीसेकंदांचे. ओपससारखा कोडेक ते दाबून लहान करतो, त्यांना कुलूप लागतं, पलीकडच्या फोनवर ते उघडतात, वाजतात आणि पुसले जातात. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमुळे मधल्या सर्व्हरला काही ऐकूच येत नाही, मग तो साठवणार काय? कॉलच्या यादीत उरतं ते नाव, वेळ आणि किती मिनिटं बोललो ते.

व्हॉइस नोटचं मात्र तसं नाही. ती फाइल असते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स' म्हणून वेगळा फोल्डर असतो. त्या मित्राला मी हेच सांगितलं: फोन बदलायच्या आधी, आजच तो फोल्डर कॉपी करून ठेव.

आता पुढच्या कॉलचं बघू. "एखादं ॲप टाकलं की झालं!" असं वाटतं, पण नाही होत. अँड्रॉइड 10 पासून एक ॲप दुसऱ्या ॲपमधली गाणी किंवा गेमचा आवाज पकडू शकतं, पण कॉलचा आवाज त्यातून मुद्दाम वगळलाय. ॲक्सेसिबिलिटीची आडवाट काही ॲप वापरायची, तीही गूगल प्लेने 11 मे 2022 पासून बंद केली. त्यामुळे अनोळखी ॲपला माइकची परवानगी देऊन शेवटी हाती येतो बऱ्याचदा आपलाच आवाज.

त्यापेक्षा साधे मार्ग बघा. एक, लॅपटॉपवर झूम. फुकटच्या खात्यातही रेकॉर्डिंग आपल्याच मशीनवर सेव्ह होतं, आणि सेटिंगमध्ये प्रत्येकाच्या आवाजाची वेगळी फाइल मागता येते. दोन, लॅपटॉपवर कुठलाही कॉल आणि सोबत ओबीएस. माइक एका ट्रॅकवर, समोरचा आवाज दुसऱ्या. फाइल एमकेव्हीमध्ये ठेवा, मध्येच लाइट गेली तरी तोवरचं वाचतं. तीन, स्पीकर चालू करा आणि शेजारी दुसऱ्या फोनचा रेकॉर्डर. आवाज थोडा घुमतो, पण काम होतं.

जागेची काळजी सोडा. 48 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो, न दाबलेला आवाज तासाला सुमारे 345 एमबी खातो. तोच ओपसमध्ये 24 केबीपीएसला जेमतेम 11 एमबी.

सगळ्यात महत्त्वाचं, विचारा. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय. पण घरात कायद्याआधी विश्वास येतो. "आजी, रेकॉर्ड करतोय गं, चालेल ना?" तिचं "हो रे बाळा" हेही रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या. ती दोन मिनिटं अवघडेल, मग विसरेल. शेताच्या तुकड्यांची नावं विचारा, आमटीचा मसाला विचारा, तिच्या लग्नातली भांडणं विचारा. आणि तिला न विचारता फॅमिली ग्रुपवर टाकू नका.

शेवटी, सेव्ह केलं म्हणजे टिकलं असं नाही. स्काइप कॉल रेकॉर्ड करायचं, पण रेकॉर्डिंग 30 दिवसच ठेवायचं, आणि मे 2025 मध्ये स्काइपच बंद झालं. म्हणून तीन प्रती ठेवा: फोनमध्ये, हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा भावंडाकडे. फाइलच्या नावात तारीख आणि माणसाचं नाव घाला. 'न्यू रेकॉर्डिंग 47' दहा वर्षांनी कुणालाच ओळखू येणार नाही.

येत्या रविवारी एक कॉल करा, अर्धा तासच. कसा झाला ते कळवा. भेटू पुढच्या भागात!