‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे काय?



आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेतले कारकून. अभियंते नव्हे. परंतु ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य खिडकीवर बसून आम्हालाच बोलावे लागते. डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या गावांतून श्रावणबाळ योजनेचे पैसे घ्यायला एखादी म्हातारी एस.टी.ने घोडेगावला येते आणि हे वाक्य ऐकून परत जाते. तिचा दिवस जातो, भाडे जाते. तेव्हा त्या वाक्याचा अर्थ आपण सर्वांनी समजून घ्यावा, असे आम्हास वाटले.

पूर्वी खाते शाखेच्या लेजरात असे. कोअर बँकिंग आल्यापासून जुन्नर, नारायणगाव, मंचर, कोणत्याही शाखेत खाते राहत नाही. ते दूरच्या डेटा सेंटरमध्ये असते. तेथे एकाच कामाला दोन किंवा अधिक सर्व्हर जोडून ठेवतात, त्या गटाला क्लस्टर म्हणतात. हे सर्व्हर दर काही क्षणांनी एकमेकांना ‘जागा आहेस ना?’ असा निरोप पाठवतात. उत्तर आले नाही की दुसरा काम हाती घेतो.

खरी अडचण पुढे आहे. उत्तर आले नाही ते पहिला बंद पडला म्हणून, की मधली तार तुटली म्हणून, हे दुसऱ्याला कळत नाही. दोघेही चालू असून दोघांनीही स्वतःला मुख्य मानले, तर खात्यातले पाच हजार रुपये दोन ठिकाणांहून दोनदा दिले जातील. म्हणून शक्यतो तिसऱ्या जागी एक साक्षीदार ठेवतात. तिघांपैकी दोघांचा मेळ जिथे बसेल त्यानेच लिहायचे, उरलेल्याने गप्प राहायचे. याला ते लोक कोरम म्हणतात. आपल्या समितीच्या सभेला लागतो, तोच शब्द!

आता जागांचा प्रश्न. पूर, भूकंप वा आग यांत संपूर्ण इमारतच गेली तर? म्हणून दुसरे केंद्र दूरच्या शहरात ठेवतात. पण काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटरवर निरोप जाऊन परत यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. ऐकायला हा वेळ क्षुल्लक वाटतो, परंतु लाखो नोंदींपैकी प्रत्येकीने इतके थांबायचे म्हटले तर काम तुंबते. म्हणून जवळ एक केंद्र ठेवतात, तेथे नोंद त्याच क्षणी उतरते. दूरच्या केंद्रात ती थोडी मागून पोचते.

पैसा दोन ठिकाणी आणि नोंदही दोन ठिकाणी, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आपल्या मानमोडीत आहे. त्याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात भिक्खुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची ठेव नोंदवली. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे आणि एक हजार दुसरीकडे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदवला, आणि वर दगडातही कोरला. दप्तर गेले, दगड राहिला.

एवढी तयारी असूनही कारभार कसा थांबतो, याचे उदाहरण मुंबईचे आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११.४० वाजता बंद करावा लागला. वांद्रे-कुर्ला संकुलातील मुख्य केंद्र आणि कुर्ल्याचे जवळचे केंद्र यांना जोडणाऱ्या लाइनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. रस्त्याच्या खोदकामात दोन्हींना बाधा आली आणि त्यातून मुख्य साठवण यंत्रणाच सर्व्हरना मिळेनाशी झाली. दूरचे केंद्र असूनही काम तिकडे हलवले गेले नाही. व्यवहार सुरू झाले ते दुपारी ३.४५ वाजता. त्यानंतर सेबीने नियम घातला की बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि पुढच्या ४५ मिनिटांत काम सुरू करावे. २ मार्च २०२४ ला, शनिवार असूनही, बाजार खास उघडला. पहिले सत्र मुख्य केंद्रावरून आणि दुसरे दूरच्या केंद्रावरून चालवून पाहिले.

आमच्या मते या कामातला अवघड भाग यंत्र विकत घेण्याचा नाही. ‘आता हलवा’ हे कोणी म्हणायचे, ते आधी ठरलेले असावे आणि त्याचा सराव व्हावा, हा तो भाग आहे. व्यापारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले निर्देश महत्त्वाच्या यंत्रणांचा असा सराव निदान सहा महिन्यांतून एकदा घ्या, असे सांगतात.

शिवाय चालू प्रत म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकीची नोंद झाली की ती दुसऱ्या केंद्रातही तितक्याच तत्परतेने उतरते. जुलै २०२४ च्या अखेरीस एका तंत्रसेवा कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला आणि सुमारे तीनशे लहान बँकांची देयक व्यवस्था तात्पुरती तोडावी लागली. अशा वेळी कामाला येते ती जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रत, आणि तीही कधीतरी उघडून वाचून पाहिलेली असली तरच.

आता आपल्या तालुक्यांकडे येऊ. आम्ही ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतो तेव्हा सर्व्हर बहुधा ठणठणीत असतो. तुटलेली असते ती शाखेपर्यंतची लाइन. कुठे जेसीबीने केबल उचकटलेली असते, कुठे पावसाने उपग्रहाची छत्री आंधळी झालेली असते. शाखेला दोन लाइनी दिल्या तरी त्या एकाच चरातून आल्या, तर एकाच घावात दोन्ही जातात. शेवटच्या दहा किलोमीटरांचा हिशेब कोणी धरत नाही, याचा आम्हाला राग आहे.

विद्यार्थी मित्रहो, या कामाला माणसे लागतात. लिनक्स आणि नेटवर्किंग शिकावे लागेल. त्याचबरोबर नीट लिहिता यावे लागेल. रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा, कोणते यंत्र आधी थांबवायचे, हे दुसऱ्याला झोपेतून उठून वाचता येईल असे कागदावर उतरवणारा माणूस तेथे फार मोलाचा असतो.

आणि सभासदहो, आपल्यापैकी बरेच जण सहकारी बँकांचे भागधारक आहेत. यंदाच्या वार्षिक सभेत लाभांशाच्या विषयानंतर दोनच प्रश्न विचारा. मागच्या सरावात दूरच्या केंद्रावरून किती तास काम चालवले? आणि आमच्या शाखेची दुसरी लाइन कोणत्या रस्त्याने येते?

जय भीम.