ठेवी कोठल्या, कर्जे कोठे?

कुंभकोणमपासून पूर्वेस काही किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. राहूच्या दर्शनाला नागनाथस्वामींच्या मंदिरात येणारे यात्रेकरू त्याला ओळखतात; रेशमी साड्यांच्या व्यापाऱ्यांना ते विणकरांचे गाव म्हणून ठाऊक असते. या धंद्यात रेशीम व जर बहुधा व्यापारी किंवा सहकारी संस्था पुरविते आणि विणकराच्या हाती मजुरी तेवढी पडते. स्वतःच्या हिमतीवर विणायचे तर भांडवल हवे. बँक मात्र आधी तारण विचारते, आणि भाड्याच्या घरातील हातमाग हे तिच्या लेखी पुरेसे तारण ठरत नाही.

वास्तविक कुंभकोणमला बँका नव्या नाहीत. आजची सिटी युनियन बँक १९०४ साली तेथेच ‘कुंभकोणम बँक’ या नावाने स्थापन झाली. परंतु बँक जवळ असणे आणि तिचे कर्ज मिळणे या निराळ्या गोष्टी होत.

अमेरिकेतील शहरांत हा भेद नकाशावरच उमटला होता. १९३० नंतरच्या दशकात तेथील सरकारी गृहकर्ज संस्थेने वस्त्यांची प्रतवारी करून नकाशे रंगविले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांच्या वाट्याला बहुधा धोक्याचा तांबडा रंग आला. १९६८ च्या कायद्याने घरांच्या कर्जातील वंशभेद निषिद्ध ठरविला, तरी तो सिद्ध कसा करावयाचा? शिकागोच्या गेल सिन्कोट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे मागितले. १९७५ च्या कायद्याने गृहकर्जांचे वस्तीवार आकडे प्रसिद्ध करणे बँकांना भाग पाडले. १९७७ च्या कायद्याने, ज्या वस्तीतून ठेवी घ्यावयाच्या तिची कर्जाची गरजही भागवावी, असे बंधन घातले. त्यात दंड नाही. नवी शाखा किंवा विलीनीकरण यांची परवानगी मागताना बँकेचे वर्तन तपासले जाते, एवढेच.

योगायोग असा, की १९७७ सालीच भारतीय रिझर्व्ह बँकेनेही परवान्याचाच लगाम हाती घेतला. बँका असलेल्या ठिकाणी एक शाखा हवी असेल, तर बँका नसलेल्या ठिकाणी चार उघडाव्यात, असा नियम झाला. तो १९९० पर्यंत चालला आणि शाखा खरोखरच वाढल्या. प्रदेश हेच नियोजनाचे एकक मानावे, हा विचार धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने १९६९ सालीच मांडला होता व त्यातून जिल्ह्याजिल्ह्याला अग्रणी बँक मिळाली. पुढे १९८० साली अग्रक्रम क्षेत्रासाठी ४० टक्के कर्जांचे लक्ष्य ठरले. दुर्बल घटकांसाठी वेगळा हिस्सा आला. त्यात कारागीर आले, अनुसूचित जाती-जमाती आल्या.

येथे मात्र वाट बदलली. अमेरिकन कायद्याने वस्ती धरली, भारताने वर्ग धरला. वर्गाचा आकडा देशात कोठेही भरून निघू शकतो. १९९५-९६ पासून उद्दिष्टात कमी पडणाऱ्या बँकांच्या ठेवींतून ग्रामीण पायाभूत विकास निधी उभा राहतो. त्यातून राज्य सरकारे रस्ते व पूल बांधतात. पूल चांगलाच, पण त्याने विणकराला रेशीम मिळत नाही. २०१६ पासून तर अग्रक्रम कर्जांची प्रमाणपत्रे बँका एकमेकींकडून विकत घेऊ शकतात.

२०२१-२२ पासून कमी कर्जपुरवठ्याच्या जिल्ह्यांतील नव्या अग्रक्रम कर्जांना हिशेबात १२५ टक्के भार मिळू लागला; ठिकाणाचा विचार पुन्हा आला, हे खरे. पण जिल्हा हे फार मोठे माप आहे. कावेरीच्या सुपीक खोऱ्यातील तंजावर जिल्ह्याच्या सरासरीत तिरुनागेश्वरम्‌ची एक विणकर गल्ली दिसत नाही. आणि त्या गल्लीतून किती ठेवी गेल्या व किती कर्ज परत आले, हे सांगणारा आकडा प्रसिद्ध करण्याची सक्ती अजून कोणावरही नाही.