घरोघरचे हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली म्हणून उभी आहे. भाषणाची मला सवय नाही. इंटरनेटवरून चाललेले आपले पुस्तकांचे काम वर्षभर सांभाळताना जे शिकले, तेवढेच सांगते. त्यात माझ्या चुकाही आल्या.

काम कोणते, ते पुष्कळ जणींना ठाऊक आहे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांना खुले होते. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचे लेखन २०११ च्या आरंभी असे खुले झाले. खुली झालेली जुनी पुस्तके 'मराठी विकिस्रोत' येथे कुणालाही फुकट वाचता येतात. छापील पानाचे चित्र पाहून यंत्र अक्षरे उतरवते. पण छपाई पुसट असली की 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' होतो. मग माणसाने चित्र शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासायची. न तपासलेले पान लाल, एकीने तपासले की पिवळे, दुसरीने पुन्हा तपासले की हिरवे. आपले पिवळे पान आपणच हिरवे करायचे नाही, असा तिथला नियम आहे.

हे काम आपण अकरा जणींनी अंगावर घेतले. चौघी इथल्या, बाकीच्या पुण्याला, बंगळुरूला, एक तर अमेरिकेत गेलेली आपली माहेरवाशीण. कुणालाही मोबदला नाही. हळदीकुंकवाला एखादी आली नाही, तर आपण तिच्या दारात जाऊन विचारतो. इथे मात्र कुणाचे तोंड दिसत नाही. दिसतो तो नुसता पानाचा रंग. माझी पहिली चूक तिथेच झाली.

पुण्याच्या एका मुलीची पाने तीन आठवडे लालच होती. मी व्हॉट्सॲपच्या गटावर, सर्वांच्या देखत लिहिले, "जमत नव्हते तर नाव कशाला दिले?" उत्तर आले नाही. आठ दिवसांनी तिची आई बाजारात भेटली तेव्हा कळले, मुलीचे सासरे दवाखान्यात होते आणि ती रात्ररात्र त्यांच्या उशाशी बसत होती. मी फोन करून क्षमा मागितली. "असू द्या, काकी," एवढेच ती म्हणाली. पण कामावर परत आली नाही. हे आज सांगण्यापूर्वी मी तिची परवानगी घेतली आहे. त्या वेळी आधी विचारले असते, तर ही वेळच आली नसती.

दुसरी चूक निराळी. एका मुलीने चाळीस पानांतले 'केलें', 'गेलें' यांवरचे अनुस्वार काढून टाकले. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे अनुस्वार गेले. पण आपले पुस्तक त्याआधीचे, आणि ते जसे छापले तसेच ठेवायचे असते. पोरीने हौसेने राबून सारे 'सुधारले' होते. दोष तिचा नव्हता, मी आधी लिहून दिले नव्हते. पानाचे जुने रूप तिथे जपलेले असते, म्हणून निभावले. या वेळी मी गटावर काही न लिहिता तिला फोन केला. तिनेच ती पाने पूर्ववत केली आणि आज ती आमच्यात सर्वांत काटेकोर आहे.

आणखी एक गंमत सांगते. एका पानावरच्या 'पायली'चे कुणी 'पायल' करून ठेवले. धान्य मोजायची पायली नव्या मुलींनी पाहिलेली नाही, त्यांच्या डोळ्यांपुढे पैंजण आले! आमच्या शेजारच्या आजींना मी पान वाचून दाखवत होते, त्यांनी ते पकडले. आजींना संगणक येत नाही; तरी आता प्रत्येक अडलेला शब्द त्यांच्याकडे जातो. दुसऱ्या डोळ्यांचा नियम का केला असेल, ते मला त्या दिवशी उमगले.

तेव्हापासून आम्ही काही रीत पाळतो. एकीला आठवड्याला पाचच पाने. सूचना लेखी आणि सोप्या. चूक सांगायची ती एकटीला, कौतुक करायचे ते सर्वांत आणि नेमके कशाचे ते सांगून. पावसाळ्यात वीज गेली, घरी आजारपण आले, तर "पाने परत घ्या" एवढेच कळवावे; कारण कुणी विचारणार नाही. आणि कुणी गप्प झाली, तर आधी "बरी आहेस ना?" हा फोन, कामाचे नंतर.

भगिनींनो, पगार नसलेल्या कामाला धनी नसतो. तिथे माणूस टिकतो तो मायेच्या शब्दावर, आणि तुटतो तोही शब्दानेच.

त्या मुलीची पाच पाने मी अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाहीत. ती लालच आहेत. तिला ते कळवले आहे, घाई केलेली नाही. बाकी पुस्तकाला मात्र हात हवे आहेत. ज्यांना आठवड्याला दोन पाने जमतील, त्यांनी सभेनंतर मला भेटावे. संगणक येत नसला तरी या. आजी आहेतच सोबतीला.