सणाला घर, भाषेला तास



गणपतीत कोकणची गाडी गाठायची धांदल आपण वर्तकनगरात लहानपणापासून पाहिली. आज आपल्यापैकी अनेकांची मुलं परदेशात आहेत. माझी नात मला 'आजी' म्हणते, पण माझं पत्र तिला वाचता येत नाही. म्हणून मॉरिशसबद्दल दोन शब्द सांगते.

१८३४ नंतर ऊसमळ्यांत राबायला गिरमिटावर गेलेल्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती. कित्येकांच्या बाबतीत पूर्वजाचं पाळण्यातलं नावच वंशजांचं आडनाव झालं. घरात क्रिओल आली. तरी गणपती राहिला. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी 'झाकरी' या नावाने आजही नाचली जाते.

सण घरच्या घरी टिकतो. त्याला मोदक आणि ढोलकी पुरते. भाषेला मात्र कुणीतरी शिकवावं लागतं. तिथे प्राथमिक शाळेत मराठी विषय घेता येतो. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचं उच्च शिक्षण मिळतं. १९९१ साली जागतिक मराठी परिषदही त्याच बेटावर भरली.

आपल्या नातवंडांसाठी अशी शाळा जवळ असेलच असं नाही. पण आपण आहोत. मी दर रविवारी फोनवर नातीची बाराखडी घेते. सध्या आम्ही 'ग'वर आहोत. आपल्या बाईंनी आपल्याला दिला तसा आठवड्यातला एक तास तुम्हीही द्या.