मात्रा मायक्रोग्रॅमची



वनस्पतींमधील पॉलिसॅकराइड, सेलेनियम आणि प्रतिकारशक्ती या विषयावरील परिषदेसाठी आपण आमच्या शहरी आलात. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

या विषयाची मुळे चीनच्या मातीत आहेत. ईशान्य चीनमधल्या केशान परगण्यात १९३५ साली हृदयाच्या स्नायूंचा जीवघेणा विकार पसरला. तिथल्या जमिनीत सेलेनियमची वानवा आहे, हे कळायला काही दशके जावी लागली. पुढे १९७० च्या दशकात मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या दिल्या आणि रोग ओसरला. त्याच चीनमध्ये हूबेई प्रांतातल्या एन्शीत मात्र खडकातले सेलेनियम पिकांत उतरले आणि १९६० च्या दशकात माणसांचे केस व नखे गळून पडली. प्रौढाला दिवसाला अवघे ५५ मायक्रोग्रॅम पुरतात, ४०० च्या वर जाऊ नये असे सांगितले जाते. इतक्या चिंचोळ्या वाटेवरून आपल्याला चालायचे आहे.

म्हणून तर सेलेनियम अधिक सुरक्षित रूपात देता यावे यासाठी अ‍ॅस्ट्रागॅलस या औषधी वनस्पतीच्या मुळातील किंवा लसणातील पॉलिसॅकराइडला सेलेनियम जोडून घ्यायचा हा खटाटोप. विरळ नायट्रिक आम्लात पॉलिसॅकराइड आणि सोडियम सेलेनाइट तापवायचे, मग डायलिसिसच्या पिशवीत भरून सुटे सेलेनाइट धुऊन काढायचे. बाहेरच्या पाण्यात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल टाकल्यावर लाली आली, तर धुणे अजून बाकी आहे. ती लाली जाईपर्यंत रात्री-अपरात्री पाणी बदलणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी मला फार आदर वाटतो. परिषदेचा खरा मान त्यांचा आहे.

अशा संयुगांनी प्रयोगशाळेत लिम्फोसाइटची वाढ होते, मॅक्रोफेज अधिक जोमाने जंतू गिळतात, कोंबड्यांत लसीनंतरच्या अँटिबॉडी वाढतात, असे निष्कर्ष आले आहेत. माणसांवरच्या चाचण्या मात्र फार थोड्या आहेत.

मी व्यवसायाने डॉक्टर. कोविडनंतर प्रतिकारशक्तीची गोळी मागणारे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. त्यांच्या वतीने एक आग्रहाची विनंती करतो. निबंध वाचताना मात्रा किती, प्रयोग उंदरावर की माणसावर, आणि सुटे सेलेनियम किती उरले, हे कृपया आधी सांगा. निवास-भोजनात काही उणे राहिले, तर कार्यकर्त्यांना हक्काने हाक मारा.